आठवड्याचा पाव

"पाव नाहीये तो."

"पाव नाही तर काय टोस्ट आहे, बाबा? पाय आत, शेपटी आत, पाठ गोल. इतका सुबक पाव बेकरीतसुद्धा मिळायचा नाही."

"पाय आत नाहीत. नीट बघ. नुसते टेकवलेत. कोपरं बाहेर आहेत."

"कोपरं." मुलीने त्यांच्या हातातून फोन घेतला, फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि परत त्यांच्या नाकासमोर धरला. "दोनशे लोकांनी बदाम टाकलेत. त्यातल्या एकालाही कोपरं दिसली नाहीत. तुम्हालाच बरी दिसतात."

"त्यांनी कधी मांजर धरलंय?"

"अहो, ते मांजरं पाळतात."

"पाळणं वेगळं आणि धरणं वेगळं."

शनिवारची संध्याकाळ होती. जनावरांच्या दवाखान्यातली शेवटची पेशंट, दात काढलेली एक म्हातारी कुत्री, नुकतीच मालकिणीच्या खांद्यावर मान टाकून घरी गेली होती. फरशीवरचं फिनेल अजून वाळलं नव्हतं. डॉक्टरमॅडम दुपारीच बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी गेल्या होत्या, त्या सोमवारी सकाळी येणार होत्या. दवाखान्यात उरले होते दोघेच: काउंटरमागे लेक आणि स्टीलच्या टेबलाला टेकून उभा तिचा बाप. या टेबलावर गेली अठ्ठावीस वर्षं डॉक्टर टोचत आले आणि हे धरत आले. सगळे त्यांना पक्कडभाऊ म्हणत.

"आणि हे काय लिहिलंय बघ," पक्कडभाऊ म्हणाले. "कालपासून पाव. उठतच नाही."

"मग पाव कधी उठतो का?"

"शेजारी चिंध्यांची गादी आहे त्याची. ती सोडून हा फरशीवर का बसलाय?"

"गरम होत असेल. हे बघा, मी टेलरमास्तरांना काय सांगू? बाबांना तुमच्या बोक्याची कोपरं पसंत पडली नाहीत?"

"मोठ्या दवाखान्यात न्या म्हणावं. तिथे रविवारीही असतं कुणीतरी."

"आणि काही निघालं नाही तर?" ती फोन खाली ठेवत म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "जीभ विसरली, ते विसरलात का?"

टेबलावरचा टॉवेल पक्कडभाऊंनी उचलला, झटकला आणि पुन्हा आधीच्याच घडीवर दुमडून ठेवला.

ते मुळात या धंद्यातले नव्हतेच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लोखंडी कामाच्या कारखान्यातून हे टेबल पोचवायला ते आले होते. तेव्हा मॅडमचे वडील, मोठे डॉक्टर, दवाखाना चालवत. त्या दिवशी दवाखान्यात एक कुत्रा पायात काच घुसून थैमान घालत होता, मालक खुर्चीवर चढला होता आणि डॉक्टर हातात सुई घेऊन गोल गोल फिरत होते. टेबल घेऊन आलेल्या माणसाने टेबल खाली ठेवलं, गुडघ्यावर बसला आणि कुत्र्याला धरलं. कसं धरलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक हात जबड्याखाली, एक पोटाखाली, गाल पाठीला टेकवलेला. कुत्रा दोनदा हिसडला आणि मग त्याने सोडून दिलं. काच निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, उद्यापासून ये. पावतीवर सही राहिलीच, ती घ्यायला म्हणून तो दुसऱ्या दिवशी आला तो आलाच.

धरायचं काम दिसायला सोपं, पण त्यात खोच असते. जोरात धरलं तर जनावर भितं, सैल धरलं तर चावतं. सशाचे मागचे पाय मोकळे राहिले तर स्वतःच्याच लाथेने तो कणा मोडून घेतो. मांजराला टॉवेलात असं गुंडाळायचं की त्याला वाटावं, आपणच आत जाऊन बसलो. आणि गाल पाठीला टेकवायचा, कारण श्वास आधी गालाला कळतो, मग डॉक्टरच्या कानातल्या नळीला. जनावरांशी ते फारसं बोलत नसत. दोनच शब्द, "झालं, झालं." सुई जायच्या आधीही तेच आणि नंतरही तेच.

घरीसुद्धा तीच रीत. लेकीला लहानपणी ताप आला की औषध पाजताना एक हात हनुवटीखाली, एक पाठीवर, आणि "झालं, झालं." बायको म्हणायची, मुसकं नाही बांधलंत पोरीला, एवढे उपकार केलेत.

दवाखान्याच्या भिंतीवर बऱ्या झालेल्या जनावरांचे फोटो आहेत, शंभरच्या वर. त्यातल्या कितीतरी फोटोंत कोपऱ्यात दोन हात दिसतात, मनगटापासून पुढे. ओरखड्यांनी भरलेले, नखं कापलेले. त्या हातांचा चेहरा एकाही फोटोत नाही.

मुलगी तीन वर्षांपूर्वी काउंटरवर आली. कॉमर्स करून एका ऑफिसात लागली होती, तिथे तिचा जीव रमेना. इकडे दवाखाना रिकामा पडत चालला होता. चार चौक पलीकडे मोठा दवाखाना उघडला होता, तिथे काचेची दारं होती आणि कुत्र्यांना आंघोळ घालायची वेगळी खोली होती. मुलीने आल्या आल्या फोनवर एक ग्रुप काढला, दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या पाळणाऱ्यांचा. आणि त्या ग्रुपला तिने एक भाषा दिली.

ती भाषा कुठून आली ते तिलाच ठाऊक. जगभरचे मांजरवाले नि कुत्रेवाले इंटरनेटवर असलं काहीबाही बोलतातच, पण तिने सगळं आपल्या घरातल्या शब्दांत बसवलं. मांजर पाय पोटाखाली घेऊन बसलं की तो पाव. पांघरूण पंजांनी दाबत बसलं की ते कणीक मळतंय. तोंड मिटलं तरी जिभेचं टोक बाहेर राहिलं की जीभ विसरली. कुत्रं उगाचच घरभर धावत सुटलं की वारं शिरलं. पंज्याखालच्या गुलाबी गाद्या म्हणजे शेंगदाणे. आणि एखादं जनावर गेलं, तर ते "उन्हात गेलं". उन्हात पसरायला कुठल्या जनावराला आवडत नाही?

लोकांना या भाषेची लगेच चटक लागली. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, जे दवाखान्यात येऊन फक्त "किती दिवस द्यायचं?" एवढंच विचारत, ते ग्रुपवर रोज सकाळी "आज कणीक मळून झाली, पोळ्या कोण लाटणार?" असं लिहू लागले. लसीची तारीख आली की मुलगी लिहायची, "शेंगदाणे घेऊन या, टोचून देतो." लोक हसत आणि येत. दवाखाना पुन्हा भरला. मॅडमनी तिच्यासाठी फिरती खुर्ची आणली.

ग्रुपचा नियम एकच होता, तोही मुलीनेच घातलेला: ग्रुपवर दुखणं नाही. दुखणं असेल तर दवाखान्यात फोन करा. नियम शहाणपणाचा होता. सुरुवातीला एकीने कुत्र्याच्या खाजेबद्दल विचारलं होतं, तर पंधरा जणांनी पंधरा औषधं सुचवली होती आणि तिने त्यातली तीन घातली होती. कुत्र्याची कातडी महिनाभर सोललेली होती.

आणि मग जीभ विसरली. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर एका कुत्र्याचा फोटो आला, जीभ बाहेर, बदामांचा पाऊस. पक्कडभाऊंना त्या जिभेचा रंग बरा वाटला नाही. त्यांनी कार्ड काढून थेट मालकाला फोन लावला आणि सांगितलं, जबड्यात काहीतरी वाईट आहे, ताबडतोब आणा. ते लोक तासाभराचा प्रवास करून आले. दोन मुलं रडून रडून लाल झालेली. मॅडमनी कुत्र्याचं तोंड उघडलं. पुढचे चार दात म्हातारपणाने पडले होते, जिभेला अडवायला काही उरलं नव्हतं, बस. मालक मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्याकडे निदान कोण करतं हो, डॉक्टर की शिपाई?

तो गेल्यावर मॅडमनी पक्कडभाऊंना आत बोलावलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही धरा. सांगायचं काम माझं."

त्या दिवसापासून पक्कडभाऊ धरत. सांगत नसत. शनिवारी लेकीला जे सांगितलं, तेच दोन वर्षांतलं पहिलं सांगणं होतं. तिने "जीभ विसरली"ची आठवण दिली, त्यांनी टॉवेल दुमडला, आणि दोघांनी मिळून दवाखान्याचं शटर ओढलं.

टेलरमास्तर त्यांच्या ओळखीचे होते. बायकांचे कपडे शिवणारा एकटा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पुढे दुकान, मागे राहायची खोली. चिंध्यांच्या पोत्यात त्यांना मांजराचं एक पिल्लू सापडलं आणि त्यांनी त्याचं नाव बॉबिन ठेवलं, कारण ते मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखं सतत गरगर फिरायचं. पहिल्यांदा टोचायला आणलं तेव्हा त्यांनी मांजराऐवजी स्वतःच डोळे मिटून घेतले होते. ग्रुपात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, "मांजराला उलटी झाली आहे, काय करावे." लगेच कुणीतरी हसरा चेहरा टाकून नियम दाखवला होता. मास्तरांनी माफी मागितली होती. त्यानंतर ते ग्रुपची भाषा शिकले, नवं माप घ्यायला शिकावं तसे, चुकत, पुसत, पुन्हा घेत.

दर शनिवारी ग्रुपवर "आठवड्याचा पाव" असायचा. रविवारी संध्याकाळी ज्या फोटोला जास्त बदाम, तो जिंकला.

रविवारी दवाखाना बंद असतो, पण पक्कडभाऊ सकाळी एकदा जाऊन येतात. मांडी मोडलेलं एक कुत्रं आत दाखल होतं. त्याला खायला घातलं, खालचं कापड बदललं. मग ते कपाटापाशी गेले आणि मास्तरांचं कार्ड काढलं. बॉबिन, बोका, वय अंदाजे चार, आणि खाली फोन नंबर. त्यांनी फोन काढला, सहा आकडे दाबले. मग बोट थांबलं. सांगायचं काम माझं. त्यांनी आकडे एकेक करून पुसले.

पण घरी जाताना त्यांनी वाट वाकडी केली. मास्तरांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. शटर अर्धं खाली होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, न तुटणारा, एकसारखा. शटरखालून मास्तरांचे पाय दिसत होते, पायडल वर, खाली, वर, खाली.

पक्कडभाऊ तिथे बराच वेळ उभे राहिले. एकदा शटरवर टकटक करायला हात उचललाही. मग त्यांनी आपल्याशीच हिशेब मांडला: ज्याच्या घरी जनावर आजारी आहे, तो माणूस रविवारी असा निवांत शिवत बसेल का? बसणार नाही. म्हणजे बोका बरा आहे. कोपरं बाहेर असली तर असली. आपलीच नजर आता म्हातारी झाली.

इतकं हलकं त्यांना कालपासून वाटलं नव्हतं. घरी जाऊन ते पोटभर जेवले.

संध्याकाळी मुलीने निकाल लावला. बॉबिन पहिला. मास्तरांनी लिहिलं, "आभारी आहे. बॉबिन अजून तसाच आहे." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, असा निष्ठावान पाव पाहिला नाही. मुलीने त्यावर एक बदाम टाकला.

सोमवारी ती शटर उघडायला आली तेव्हा मास्तर पायरीवर बसले होते. मांडीवर दुधासारख्या पांढऱ्या कापडाचं गाठोडं. तिला वाटलं बक्षिसाचं विचारायला आलेत, म्हणून ती हसून "या, पाववाले" म्हणाली. मास्तरांनी कापडाचं एक टोक बाजूला केलं.

मॅडम थेट प्रवासातूनच आल्या, बॅग काउंटरवर टाकली आणि बॉबिनच्या पोटावर हात ठेवला. त्यांचा चेहरा बदललेला पक्कडभाऊंनी पाहिला. लघवीची वाट बंद झाली होती. मूत्राशय दगडासारखं टणक झालं होतं. बोक्यांना होतं असं. वेळेत नळी घातली तर निभावतं.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"शुक्रवार दुपारपासून असा बसलाय," मास्तर म्हणाले.

पक्कडभाऊंनी धरलं. एक हात छातीखाली, एक मागे, गाल पाठीला. धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांना सगळ्यात भीती वाटायची ती याची, जनावराने विरोध न करण्याची. चावणारं जनावर जगतं. हे चावत नव्हतं. नळी गेली, रक्तासारखं काहीतरी आलं, मॅडमनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं. अकराच्या सुमाराला पक्कडभाऊंच्या गालाला जे कळायचं ते कळलं. मॅडमच्या कानातली नळी थोडी नंतर पोचली. पक्कडभाऊंच्या ओठांवर दोन शब्द येऊन थांबले होते, ते त्यांनी गिळले. आज ते म्हणता येण्यासारखे नव्हते.

मॅडम हात धुऊन आल्या. "शनिवारी आणलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच ठेवलं.

मास्तर काउंटरसमोरच्या बाकावर बसले होते. गाठोडं पुन्हा मांडीवर. ते रडले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोन काढला आणि मुलीपुढे धरला.

"आता यात ते लिहायचं असतं ना. उन्हात गेला. तुम्हीच लिहून द्या, माझं चुकेल काहीतरी."

मुलीला फोन घेववेना. फोटो समोरच उघडा होता, दोनशे साठ बदाम. तिला आता कोपरं दिसली. कानही बाजूला पडलेले दिसले. डोळे मिटलेले नव्हते, आवळलेले होते. शनिवारपासून सगळं तिथेच होतं.

"मी विचारलं होतं," मास्तर म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, कपडा कुठे उसवला ते दाखवावं तसा आवाज. "दुखणं लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून तुमच्या पद्धतीने विचारलं. कालपासून पाव, उठतच नाही. म्हटलं, इतके जाणते लोक आहेत, काही असेल तर कुणीतरी सांगेलच. सगळे हसले, तेव्हा मलाच माझी लाज वाटली. उगाच घाबरतो म्हातारा."

"मास्तर..." मुलगी म्हणाली.

"काल तर दिवसभर मशीन चालवत होतो. दोरा न घालता. नुसतंच." त्यांनी गाठोड्यावरची एक सुरकुती बोटाने सपाट केली. "पिल्लू होता तेव्हापासून त्याला मशीनचा आवाज लागायचा झोपायला. म्हटलं, आवाज ऐकून तरी फरशीवरून उठून गादीवर येईल."

टेबल पुसणारा हात थांबला. पक्कडभाऊ आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. फडकं हातातच होतं.

"मी आलो होतो," ते म्हणाले.

मास्तरांनी मान वर केली. मुलीनेही केली. मॅडम लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं.

"काल. तुमच्या शटरपाशी. मशीनचा आवाज ऐकला." पक्कडभाऊंना एवढं बोलायची सवय नव्हती, शब्द एकेक करून येत होते. "शनिवारी फोटो पाहिला तेव्हाच कळलं होतं मला. दुखतंय त्याला, हे कळलं होतं. हिला सांगितलं, हिने नको म्हटलं. पण हिचं काही नाही त्यात. नंबर माझ्या हातात होता. शटर माझ्यासमोर होतं. तुम्ही शिवताय म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो. मला तसंच पाहिजे होतं म्हणून."

"भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या, "मीच तुम्हाला..."

"नाही मॅडम. तुम्ही दोन वर्षांपूर्वी म्हणाला होतात. काल तिथे मी होतो."

भिंतीवर शंभरावर फोटो होते आणि त्यांतले हात. खाली बाकावर मास्तर पक्कडभाऊंच्या हातांकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हातांकडे. पांढऱ्या कापडाची टोकं त्यांनी गोळा केली, शिंप्यालाच जमेल अशी सफाईदार गाठ मारली आणि उठले. गाठोडं छातीशी धरलं. चष्मा बाकावरच राहिला. मुलीने तो उचलून पुढे केला, त्यांनी घेतला, खिशात ठेवला.

दवाखान्याचं दार स्प्रिंगचं आहे, जड. दोन्ही हात भरलेले असले की उघडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते धरून उभं राहणं हेही इतकी वर्षं पक्कडभाऊच करत आले होते. ते फडकं टाकून पुढे झाले.

"मास्तर," ते म्हणाले, "मी धरू?"

मास्तरांनी पाठीने दार रेटलं, गाठोडं जरासुद्धा हलू न देता त्यातून अंग काढलं, आणि पायऱ्या उतरून निघून गेले.